प्राणवायूच्या मात्रेचा प्रश्न

प्राणवायू हा निसर्गाने सर्वांना सारखाच आणि विनामूल्य दिलेला पदार्थ आहे, जन्मल्यानंतरच्या पहिल्या श्वासापासून तो आपण घेत आलो आहोत, आणि ज्याच्या अभावी काही मिनिटांतच मेंदूचा नाश होऊ लागतो त्याचा पुरवठा वाढवल्याने अपाय होणे संभवतच नाही, असे एक मत आपल्याकडे इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की, त्याची शहानिशा करावी असेही कोणास वाटत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या साथीत, रिकामे सिलिंडर घेऊन रात्रीच्या रात्री रांगेत काढलेल्या कुटुंबांनी जे भोगले, त्यामुळे तर या मताला एक प्रकारचे पावित्र्य प्राप्त झाले. त्याच पावित्र्याच्या आश्रयाने आज डबाबंद प्राणवायू विकला जातो, प्राणवायू मुरवलेले म्हणून पाणी विकले जाते, ओझोनच्या उपचारांची जाहिरात होते, आणि साथीच्या काळात घरी आणलेली कॉन्सन्ट्रेटर यंत्रे ‘जरा थकवा वाटतो’ एवढ्या सबबीवर, डॉक्टरांना न विचारता सुरू केली जातात. हे मत चुकीचे आहे. आणि ही चूक पुस्तकातच राहणारी नाही, तिच्यापायी बालके आंधळी झाली आहेत आणि रुग्ण दगावले आहेत, हे सप्रमाण दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उत्तरपक्ष करण्याआधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडावा, असा आपल्याकडील शास्त्रार्थाचा दंडक आहे. तो पाळून प्रतिपक्षाची कैफियत प्रथम नोंदवतो. तिची कलमे चार आहेत. पहिले असे की, प्राणवायू नैसर्गिक आहे, सबब निरुपद्रवी आहे. दुसरे असे की, थकव्यापासून कर्करोगापर्यंत बहुतेक व्याधींचे मूळ शरीरातील प्राणवायूच्या न्यूनतेत असल्यामुळे, या ना त्या मार्गाने तो शरीरात अधिक पोहोचवला की व्याधी हटते. तिसरे असे की, रुग्ण अत्यवस्थ असताना मोजमाप करीत बसण्यापेक्षा भरपूर प्राणवायू देणे केव्हाही श्रेयस्कर, कारण कमी पडला तर मृत्यू आणि जास्त झाला तर फार तर अपव्यय. चौथे, आणि सर्वांत वजनदार असे की, ज्या देशात प्राणवायूवाचून माणसे तडफडून मेली त्या देशात त्याच्या आधिक्याच्या गोष्टी बोलणे हे निष्ठुरपणाचे आहे. या चारही कलमांना मी क्रमाने उत्तर देणार आहे.

पहिल्या कलमाचे खंडन प्राणवायूच्या शोधाइतकेच जुने आहे. स्वीडनमध्ये शेले याने हा वायू १७७१-७२ च्या सुमारास वेगळा केला होता. पण त्याचा ग्रंथ १७७७ पर्यंत छापला न गेल्यामुळे, १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून जो वायू मिळवला, त्याचीच वार्ता आधी जगभर गेली. प्रीस्टलीने पाहिले की, या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते आणि बंद भांड्यात कोंडलेला उंदीर नेहमीच्या हवेतल्यापेक्षा अधिक वेळ जगतो. मग त्याने स्वतः तो हुंगला आणि आपली छाती हलकी झाल्याचे नमूद केले. परंतु त्याच लेखनात, १७७५ साली, त्याने एक शंकाही नोंदवून ठेवली: औषध म्हणून हा वायू उपयोगी ठरेल, पण ज्या वायूत मेणबत्ती लवकर जळून संपते त्यात निरोगी मनुष्याचे आयुष्यही लवकर जळून संपणार नाही कशावरून? शोधकर्त्याची ही शंका त्याच्या शोधाच्या डंक्यात विसरली गेली. ती खरी ठरवण्याचे काम पुढल्या शतकात दोघांनी केले. फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ च्या आपल्या बृहद्ग्रंथात दाखवून दिले की, दाबाखालचा प्राणवायू श्वसनात गेला की प्राण्यांना अपस्मारासारखे झटके येतात आणि ते मरतात. आणि १८९९ मध्ये लॉरेन स्मिथ याने सिद्ध केले की, त्याहून बऱ्याच कमी दाबाचा प्राणवायू दीर्घकाळ घेतल्यास फुप्फुसांचा दाह होतो. निरोगी मनुष्याला समुद्रसपाटीवर जवळजवळ शुद्ध प्राणवायू सतत दिला तर पहिल्या दिवसाच्या आतच त्याच्या छातीच्या मध्यभागी दुखू लागते आणि कोरडा खोकला सुरू होतो, ही गोष्ट पुढे अनेक प्रयोगांनी पक्की झाली. पाणबुडे आपल्या मिश्रणातील प्राणवायूचा दाब किती असावा याबाबत जी कडक मर्यादा पाळतात, ती याच ज्ञानातून आलेली आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर रसायनशास्त्र देते, आणि ते मुळातूनच समजून घेण्याजोगे आहे. आपल्या सभोवतालच्या कोरड्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे. लाकूड, कापड, तेल आणि आपले स्वतःचे शरीर हे सारे त्याच्याशी संयोग पावून ऊर्जा सोडण्यास तत्त्वतः सिद्ध असलेले पदार्थ आहेत. आणि तरीही आपण उभ्या-उभ्या पेट घेत नाही. याचे कारण असे की, प्राणवायूच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित असून त्यांची भ्रमिदिशा एकच असते, आणि सेंद्रिय द्रव्यांतील इलेक्ट्रॉन मात्र जोडीजोडीने बांधलेले असतात. त्यामुळे या रेणूला अशा द्रव्यांकडून इलेक्ट्रॉनांची जोडी एकदम स्वीकारता येत नाही, त्याला ते एकेक करून घ्यावे लागतात. ही अडचण म्हणजेच आपले संरक्षण. पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये, एक विकर प्राणवायूला चार इलेक्ट्रॉन शिस्तीने देऊन त्याचे पाण्यात रूपांतर करते आणि त्या व्यवहारातून आपले जीवन चालते. पण या व्यवहारात थोडी गळती होतेच, आणि वाटेत एखादाच इलेक्ट्रॉन मिळालेला प्राणवायू सुपरऑक्साइड होऊन बसतो. त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्याहून दाहक असा हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न होतो. हे मूलक मेद, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांचा नाश करतात. १९५४ मध्ये रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंचे कारण एकच आहे, ते म्हणजे हे मूलक. आणि १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निरास करणारे विकर हुडकून काढले, तेव्हा असे उघड झाले की प्राणवायूत जगणारी सृष्टी त्याच्यापासून अखंड आपला बचावही करीत आली आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी नीलहरित जिवाणूंनी सोडलेला प्राणवायू वातावरणात साचू लागला तेव्हा त्या काळच्या अनेक जीवजातींना तो मारकच होता; जे तगले ते ही संरक्षणयंत्रणा बाळगूनच तगले. या यंत्रणेचे सामर्थ्य २१ टक्क्यांच्या हिशेबाने घडलेले आहे. तिच्यावर शंभर टक्क्यांचा भार अमर्याद काळ टाकावा आणि ती तो निमूटपणे सोसेल असे समजावे, याला शास्त्रात कोठेही आधार नाही.

आता दुसऱ्या कलमाकडे वळू. त्यातल्या व्यापारी भागाचा निकाल केवळ अंकगणिताने लागतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरून ठेवते. रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर त्याची धारणशक्ती सुमारे २० मिलिलिटर होते. निरोगी मनुष्याचे धमनीतील रक्त साध्या हवेतच ९७-९८ टक्के संपृक्त असते, म्हणजे हे भांडे काठोकाठ भरलेलेच असते. रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू त्याखेरीज असतो, पण तो १०० मिलिलिटरमागे अवघा ०.३ मिलिलिटर. शुद्ध प्राणवायू घेतला तर हा विरघळलेला भाग २ मिलिलिटरच्या आसपास जातो, आणि मुखवटा काढताच थोड्या मिनिटांत पूर्वपदावर येतो. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत शरीर मिळालेल्या प्राणवायूपैकी केवळ चतुर्थांशच खर्च करते, बाकीचा शिरांतून परत येतो. ज्याचे तीन-चतुर्थांश परत येते त्यात एक-दशांशाची भर घालण्यासाठी डबा विकत घेणाऱ्या निरोगी गृहस्थाला त्यातून काय लाभ व्हावा? पाण्याची कथा तर याहून दयनीय आहे. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आपल्या एका साध्या श्वासातील हवेत त्याच्या पंधरा पटींहून अधिक प्राणवायू असतो. दाबाखाली पाण्यात तो कितीही कोंबला तरी बाटली उघडल्यावर तो निसटू लागतो, आणि जो पोटात जातो तो अशा इंद्रियात जातो की ज्याला फुप्फुसाचे काम निसर्गाने सोपवलेलेच नाही.

याच कलमाचा दुसरा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो मृत्युशय्येवरच्या माणसाच्या आशेशी खेळतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग याला श्वसनविकरावरील संशोधनासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याने कर्कपेशींच्या चयापचयाविषयी महत्त्वाचे निरीक्षण केले, या दोन खऱ्या गोष्टी एकत्र सांधून ‘प्राणवायूत कर्करोग जगू शकत नाही हे वारबुर्गने सिद्ध केले आणि त्याबद्दल त्याला नोबेल मिळाले’ असा खोटा दाखला बनवण्यात आला आहे. वारबुर्गचे निरीक्षण होते ते असे की, कर्कपेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. प्राणवायू उपलब्ध असताना त्या जिवंत होत्या, हे या निरीक्षणातच गृहीत आहे. किंबहुना अर्बुदे आपल्या वाढीसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करतात त्या रक्ताबरोबर येणाऱ्या प्राणवायूसाठी आणि पोषणासाठीच. प्राणवायूचा कर्करोगाशी संबंध आहे, पण तो वेगळा आहे: १९५३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अर्बुदातील प्राणवायूहीन पेशी किरणोपचाराला दाद देत नाहीत, त्यांना मारण्यासाठी अडीच ते तीन पट किरणमात्रा लागते. येथे मारक असतात ते किरण. प्राणवायू त्यांचा साहाय्यक. या सत्याचा विपर्यास करून हायड्रोजन पेरॉक्साइड पिण्याचा अथवा शिरेतून टोचून घेण्याचा सल्ला जे देतात, त्यांच्या सल्ल्याचा मुलाहिजा ठेवण्याचे कारण नाही. ३५ टक्के तीव्रतेच्या पेरॉक्साइडचे एक मिलिलिटर शरीरात विघटित झाले तर शंभराहून अधिक मिलिलिटर वायू सुटतो. हा वायू रक्तवाहिनीत शिरून मेंदूकडे किंवा हृदयाकडे गेला तर जो अनर्थ होतो, तो शवविच्छेदनाच्या अहवालांतून नोंदला गेलेला आहे.

तिसरे कलम हे या सर्व वादाचे मर्म होय. कारण ते अज्ञान्यांचे नसून सद्हेतूने काम करणाऱ्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि नातलगांचे आहे. ‘जास्त झाला तर फार तर अपव्यय’ या वाक्याची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे, आणि ती मोजली अकाली जन्मलेल्या बालकांच्या डोळ्यांनी.

१९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांमध्ये दिसलेल्या एका नव्या प्रकारच्या अंधत्वाचे वर्णन प्रसिद्ध केले. भिंगामागे पांढुरका पडदा साचावा आणि दृष्टी कायमची जावी, असे त्याचे स्वरूप होते. पुढील दशकात हे अंधत्व वाढत गेले, आणि त्यातली हृदयद्रावक गोष्ट अशी की, जेथे रुग्णालये सुसज्ज होती, जेथे नवी घट्ट झाकणांची उष्णपेटी होती आणि प्राणवायूची टंचाई नव्हती, तेथेच ते अधिक आढळे. कारणांचा शोध करताना जीवनसत्त्वांपासून विजेच्या प्रकाशापर्यंत अनेकांवर संशय घेण्यात आला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याच्यावर बराच काळ कोणी घेतला नाही, कारण तो उपकारकर्ता समजला जात होता. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी प्राणवायूचा वापर कमी-अधिक असलेल्या संस्थांची तुलना करून प्रथम बोट दाखवले. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ यांनी काही बालकांना भरपूर आणि काहींना गरजेपुरता प्राणवायू देऊन परीक्षा आरंभली, तेव्हा ‘गरजेपुरता’ या गटातील बालकांची कीव येऊन रात्रपाळीच्या काही परिचारिका गुपचूप प्राणवायूची तोटी वाढवून ठेवीत, असे वृत्त आहे. त्या परिचारिकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातून जे घडत होते ते ममतेपोटी घडत होते. पण ममतेला मापाची जोड नसली म्हणजे तिच्या हातून काय घडू शकते याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या परीक्षेने निकाल लावला: सरसकट प्राणवायू हेच या अंधत्वाचे प्रमुख कारण होते. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालके अंध झाली होती. पुढे विश्वविख्यात झालेले गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली जन्मलेले त्यांच्यापैकीच एक.

यामागची क्रिया पुढे उलगडली. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट झालेली असते. अतिरिक्त प्राणवायू मिळताच ‘आता वाहिन्यांची आवश्यकता नाही’ असा अर्थ होऊन ती वाढ थांबते आणि कोवळ्या वाहिन्या नष्ट होतात. पुढे दृष्टिपटल वाढू लागले की त्याला रक्त अपुरे पडते आणि त्या आकांतात नव्या वाहिन्या बेशिस्त माजतात, त्या फुटतात, व्रण धरतात आणि पटल ओढून सुटे करतात.

परंतु प्रकरण येथे संपत नाही, आणि जो येथेच थांबेल तो अर्धसत्याचा दोषी होईल. १९५४ च्या निकालानंतर वैद्यकाने दुसरे टोक गाठले: बालकांना ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू द्यायचाच नाही, असा अलिखित हुकूमच जणू सुटला. त्या परीक्षेत बालकांना जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर दाखल केले होते, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत प्राणवायूअभावी कोण दगावेल याचा हिशेब तिने मांडलेलाच नव्हता, ही गोष्ट नजरेआड झाली. १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी इंग्लंडातील मृत्युसंख्येवरून अंदाज केला की, एका बालकाची दृष्टी वाचवण्यासाठी सोळा बालकांचे प्राण खर्ची पडले असावेत. आणि २०१० मध्ये, १,३१६ अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर अमेरिकेत झालेल्या परीक्षेत हा पेच आकड्यांनिशी उघडा पडला: रक्ताची संपृक्तता ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात तीव्र दृष्टिपटलविकार ८.६ टक्के तर मृत्यू १९.९ टक्के, ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्या गटात तीव्र दृष्टिपटलविकार १७.९ टक्के तर मृत्यू १६.२ टक्के. म्हणजे एका बाजूला अंधत्व, दुसऱ्या बाजूला मृत्यू, आणि मध्ये काही टक्क्यांची चिंचोळी वाट. ही वाट सापडते ती सतत मोजल्याने. औदार्याने ती सापडत नाही आणि कार्पण्यानेही सापडत नाही. आपल्या घरातील आजी बाळगुटी उगाळताना जायफळाचा वेढा एक द्यायचा की दोन, हे बाळाचे दिवस आणि प्रकृती पाहून ठरवते. तेवढे तारतम्य प्राणवायूच्या बाबतीत का नसावे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. अपुऱ्या दिवसांचे सर्वाधिक जन्म भारतात होतात, आणि ज्या नवजात विभागांत हवा व प्राणवायू मिसळून देण्याचे साधन नाही तेथे आजही शुद्ध प्राणवायू सरळ नळीने दिला जातो. म्हणूनच आपल्याकडे तुलनेने अधिक वजनाची बालकेही या विकाराला बळी पडतात, आणि गर्भाचे ३४ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या अथवा २ किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बालकाच्या दृष्टिपटलाची जन्मापासून महिन्याच्या आत तपासणी व्हावी असा आपल्या तज्ज्ञांचा दंडक आहे. नवजात बालक रडले नाही तर त्याला शंभर टक्के प्राणवायूच द्यावा, या जुन्या समजुतीला धक्का देण्यात आपल्याच देशाचा वाटा आहे, हेही अभिमानाने सांगितले पाहिजे: दिल्लीच्या सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांच्यासह १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधी हवा त्या कामी पुरेशी ठरल्याचे दिसले, आणि पुढील परीक्षांनी त्याला पुष्टी दिल्यानंतर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानेच पूर्ण दिवसांच्या बालकांसाठी हवेने आरंभ करण्याचा पुरस्कार केला.

प्रौढांच्या बाबतीतला पुरावा याहून थोडक्यात सांगता येतो, पण तो कमी वजनाचा नाही. विडीच्या अथवा वर्षानुवर्षे सोसलेल्या चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे निकामी होत आली आहेत, अशा दीर्घकालीन श्वासरोग्यांना भरमसाट प्राणवायू दिला की त्यांच्या रक्तात कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साचतो, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकांतून नेलेल्या ४०५ रुग्णांवर केलेली परीक्षा २०१० मध्ये प्रसिद्ध झाली: सरसकट भरपूर प्राणवायू दिलेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांत राहील इतकाच मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येकाच्या नाकाला नळी लावण्याची प्रथा शतकभर चालली. २०१७ मध्ये स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या परीक्षेत असे आढळले की, ज्यांची संपृक्तता मुळातच ९० टक्के वा त्याहून अधिक होती त्यांच्या एका वर्षातील मृत्यूंत प्राणवायूने कोणताही फरक पडला नाही. आणि २०१८ मध्ये २५ परीक्षांतील १६,०३७ तीव्र आजारी रुग्णांचा एकत्रित ताळा मांडला गेला तेव्हा, सढळ हाताने प्राणवायू दिलेल्यांत मृत्यू अधिक असल्याचे निष्पन्न झाले. ‘फार तर अपव्यय’ हे वचन आता कोणाही जाणत्या मनुष्याने उच्चारू नये.

याचा अर्थ प्राणवायू हाच शत्रू असून त्याच्या मूलकांचा समूळ नायनाट करणाऱ्या गोळ्या घ्याव्या, असा जो उलट पंथ निघाला आहे, त्याचाही येथे निषेध केला पाहिजे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या परीक्षेचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. शरीर हे मूलक जाणूनबुजूनही निर्माण करते: आपल्या श्वेत पेशी जंतूंना मारतात त्या काही अंशी याच मूलकांच्या बळावर, आणि ज्या मुलांत जन्मतःच ही क्षमता नसते ती वारंवार घोर संसर्गांना बळी पडतात. प्राणवायूची भक्ती आणि प्राणवायूची भीती ही दोन्ही एकाच दोषाची रूपे आहेत. दोहोंना मोजण्याचा कंटाळा आहे.

राहिले चौथे कलम. २०२१ च्या एप्रिलमध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली आणि द्रवरूप प्राणवायू भरून नागपूर-नाशिकला परतलेली ती पहिली रेल्वे, आणि त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीने पुरवठा तुटून दगावलेले वीसहून अधिक रुग्ण, यांचे स्मरण असलेला कोणीही प्राणवायूच्या अभावाला हलके लेखणार नाही. मीही लेखत नाही. ज्याचे रक्त प्राणवायूला मुकले आहे त्याला तो तत्काळ मिळालाच पाहिजे, आणि न मिळणे हा शासनाचा व समाजाचा अपराध होय. पण नेमक्या याच कारणास्तव मोजमापाचा आग्रह हा निष्ठुरपणा ठरत नाही. हिशेब करून पाहा: मोठ्या, म्हणजे जंबो, सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर वायू असतो. तो मिनिटाला १५ लिटर या वेगाने सोडला तर पावणेआठ तासांत संपतो. ५ लिटर या वेगाने सोडला तर तेवीस तासांहून अधिक पुरतो. ज्या रुग्णाला ५ लिटरने ९४ टक्के संपृक्तता मिळत होती, त्याची तोटी ‘असू द्या जास्त’ म्हणून १५ वर ठेवणाऱ्याने शेजारच्या दोन खाटांचा प्राणवायू खर्च केला आणि ज्याला दिला त्याचेही हित केले नाही. नंदुरबार जिल्ह्याने त्या काळात हे ओळखले. तेथे प्रत्येक रुग्णाचा प्रवाह तपासून तो गरजेनुसार कमी-अधिक करण्याचेच काम परिचारिकांकडे सोपवण्यात आले, त्यांना ‘ऑक्सिजन नर्स’ असे नाव पडले, आणि एका आदिवासी जिल्ह्याची ती तजवीज राज्याला अनुकरणीय वाटली. टंचाईच्या काळात मोजणे हे दयेचे विरोधी नसते. अनेकांपर्यंत दया पोहोचवण्याचा तोच एक मार्ग असतो.

अर्थात मापनाच्या साधनालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ज्याचे तत्त्व मांडले तो बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर हे वैद्यकाला मिळालेले मोठेच वरदान आहे. परंतु तो धूर लागून कर्बैकवायूची (कार्बन मोनॉक्साइडची) बाधा झालेल्याचे सॅच्युरेशन खोटेच चांगले दाखवतो, थंड पडलेल्या बोटावर चुकतो, आणि २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार सावळ्या-काळ्या कातडीच्या रुग्णांत रक्तातील खरी न्यूनता त्याच्या नजरेतून अधिक वेळा निसटते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात हा इशारा विशेष ध्यानी ठेवला पाहिजे. संशय आला तर धमनीतील रक्त तपासावे. साधन अपूर्ण असेल तर अधिक काळजीने मोजावे, मोजणे सोडून देऊ नये.

म्हणून या वादाचा निकाल मी असा देतो. प्राणवायू हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे आणि आपल्या कायद्यातही वैद्यकीय प्राणवायू औषधातच गणला जातो. इतर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत केसपेपरवर लिहिली जाते. प्राणवायूच्या बाबतीत मात्र ‘ऑक्सिजन चालू’ एवढेच दोन शब्द खरडले जातात. हे बंद झाले पाहिजे. ब्रिटनमधील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच दंडक घालून दिला की, प्राणवायूच्या आज्ञेत अपेक्षित संपृक्तता लिहिलीच पाहिजे: बहुतेकांसाठी ९४ ते ९८ टक्के, कर्बवायू साचण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२. आपल्याकडेही प्रत्येक रुग्णालयाने तसे लिहावे. नातलगांनी डॉक्टरांना ‘ऑक्सिजन वाढवा’ असे सांगू नये. ‘सॅच्युरेशन किती ठेवायचे आहे आणि आता किती आहे’ असे विचारावे. ज्यांचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे त्यांनी महिन्याच्या आत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली की नाही, हे स्वतः पाहावे. निरोगी माणसाने डब्यातला प्राणवायू घेऊ नये, आणि ज्याला डॉक्टरांनी घरी प्राणवायू लावायला सांगितला आहे त्याने हा लेख वाचून तो बंद करू नये. सांगितला आहे तेवढाच, सांगितले आहे तेवढे तास घ्यावा.